पुस्तकाच्या कण्यातलं नाव

विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरलं की डाव्या हाताला जिना लागतो, आणि त्या जिन्याच्या पोटात एक खोली आहे. खोली आपली म्हणायची म्हणून. छत इतकं उतरतं की आत येणाऱ्या प्रत्येकाला मान झुकवावी लागते, मग तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असो नाहीतर कुलगुरू. दारावर पाटी आहे, ‘प्रताधिकार मार्गदर्शन’. त्या पाटीला घाबरून कुणी आत गेलंच नसतं. पण मुलांनी तिचं भाषांतर कधीच करून टाकलं होतं. ती एकमेकांना सांगत, “परवानगीमामांना विचार की!”

परवानगीमामा म्हणजे एकोणसाठ वर्षांचा काटकुळा गृहस्थ. चष्म्याची काडी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. उजव्या हाताच्या तर्जनीवर एक खोलगट वळ, जो आता त्यांच्याबरोबरच जाणार. तो वळ कायद्याच्या अभ्यासाने पडलेला नव्हता. एकोणिसाव्या वर्षी मामा या इमारतीत आले ते पुस्तकं बांधायला. जाडजूड कागद बोटाने दाबून दाबून घडी घालायची, खळ लावायची, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. सव्वीस वर्षं हेच केलं. मग पुस्तकं पडद्यावर वाचता यायला लागली, बांधणी विभागाला टाळं लागलं आणि माणसं इकडेतिकडे वाटली गेली.

त्याच सुमाराला वरून पत्र आलं, की शिकवणाऱ्यांना आणि संशोधकांना दुसऱ्याचं लिखाण कितपत वापरता येतं हे सांगायला ग्रंथालयात एक माणूस हवा. एक वकील आले, त्यांना छत डोक्याला लागलं, ते तीन महिन्यांत गेले. ग्रंथपालबाई मामांना म्हणाल्या, “दुसरा कुणी मिळेपर्यंत तुम्ही बसा.”

ते ‘मिळेपर्यंत’ चौदा वर्षं चाललं होतं.

या माणसाने प्रताधिकाराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या, कायद्याचं पुस्तक आठ वेळा वाचलं. ओळीखाली फूटपट्टी धरून, एकेक ओळ सरकवत. कळलं नाही की विधी विभागाच्या दाराशी जाऊन उभं राहायचं आणि तास संपवून बाहेर पडणाऱ्या प्राध्यापकाला गाठायचं. “सर, हे ‘वाजवी वापर’ म्हणजे नक्की किती पानं?” सर हसून म्हणायचे, “मामा, तीच तर गंमत आहे, पानं सांगितलेलीच नाहीत.” मग मामा विचार करत परत जिन्याखाली. आठ वेळा! लोक स्वतःच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्यांदा वाचत नाहीत.

त्यांच्या खिडकीवरचे संवाद ऐकायला मुलं उगाच घुटमळत.

“मामा, हे अख्खं पुस्तक झेरॉक्स करायचंय. उद्या परीक्षा आहे.”

“उद्या परीक्षा आणि आज अख्खं पुस्तक? वाचणार आहेस की उशाला घेणार आहेस?”

“मामा, प्लीज.”

“एक प्रकरण ने. अभ्यासापुरतं चालतं. कुठलं विचारतील ते मी सांगतो, गेली सहा वर्षं तिसरंच विचारतायत.”

एकदा एक मोठे संशोधक तणतणत आले. त्यांनी स्वतःचाच लेख आपल्या संकेतस्थळावर टाकला होता आणि प्रकाशकाची नोटीस आली होती. “माझा लेख आहे हो! मी लिहिलाय!”

“लिहिलात तुम्हीच सर,” मामा शांतपणे म्हणाले, “पण छापायच्या वेळी सही कशावर केलीत?”

“कशावर म्हणजे? पाठवतात ते काहीतरी. कुणी वाचतं का ते?”

मामांनी वाचलं. सगळा करार, तळटिपांसकट. आणि नवव्या पानावरून एक वाक्य शोधून काढलं. “छापील पानं काढून टाका. पण छपाईला जाण्याआधीचा, तुम्ही स्वतः टाइप केलेला लेख एका वर्षानंतर ठेवता येतो. वर्ष गेल्या महिन्यात झालं.” सर खोलीतून निघाले तेव्हा मान झुकवायला विसरले आणि छताला आपटले, पण हसत होते.

मामांचा हा खाक्याच होता. नुसतं ‘नाही’ म्हणणं त्यांना अर्धं वाक्य वाटे. वर्गाच्या ग्रुपवर अख्खी फाइल नको, ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या नियतकालिकाची लिंक द्या. प्रबंधात दुसऱ्याचा नकाशा हवाय? चला, काढणाऱ्याला पत्र लिहू, मसुदा मी देतो. कारण मामांच्या लेखी प्रत्येक पुस्तकात एक माणूस बसलेला होता. त्याला न विचारता त्याची खुर्ची हलवायची नाही, एवढंच.

आता अशा माणसासमोर एका सोमवारी नाट्यविभागाच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. तिशीच्या, बोलताना दोन्ही हात वापरणाऱ्या, आणि त्या दिवशी दोन्ही हातांत एक बारीकसं पुस्तक धरलेल्या, जसं काही ते हातातच विरघळून जाईल. विरघळतच होतं. पान उलटलं की कोपरा गळून पडे.

“मामा, हे नाटक तुम्ही वाचलंय?”

‘कुलूपवाल्याची सून.’ मामांनी मान हलवली. नाही.

“मी शेल्फापाशी उभ्यानेच वाचलं. शेवटचं पान संपलं तेव्हा शिपाई दिवे घालवत होता. मामा, या नाटकाची दुसरी प्रत मला कुठेच मिळाली नाही. कुठल्याही दुकानात नाही, कुठल्याही यादीत नाही. चाळीस वर्षांत कुणी पुन्हा छापलेलं नाही, कुणी केलेलं नाही. मला माझ्या बावीस मुलांच्या हातात हे द्यायचंय. आणि वर्षअखेर रंगमंचावर, सगळ्या गावासमोर!”

“मग अडलं कुठे?”

“विभागप्रमुखांनी सांगितलंय, शुक्रवारपर्यंत लेखी परवानगी, नाहीतर गेल्या वर्षीचंच नाटक. आणि पुढल्या वर्षीपासून हा विषयच अभ्यासक्रमातून जातोय. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.”

मामांनी पुस्तक टेबलावर मऊ फडक्यावर ठेवून घेतलं. मग एकेक सांगितलं. पुस्तक मोडकळीला आलंय, बाजारात मिळत नाही, तेव्हा ग्रंथालयाला जपणुकीसाठी एक प्रत करता येईल, ती मी आजच करतो. वर्गात त्यातले प्रवेश वाचून शिकवा, कुणी हरकत घेणार नाही. पण अख्ख्या नाटकाच्या बावीस प्रती आणि लोकांसमोर प्रयोग, त्याला मालकाची परवानगी पाहिजे. “नाटककार?”

“जाऊन अडतीस वर्षं झाली. एक पुतण्या आहे.”

लेखक गेला तरी त्याचा हक्क मागे पुष्कळ वर्षं चालू राहतो, तो मुदतीत होता. मामांनी टोपी चढवली. “चला, पुतण्याकडे.”

पुतण्या दिलदार निघाला. पाणी दिलं, पंखा लावला. “काकांचं नाटक? वा! करा की! कुठे सही करू?” बाईंनी लगेच कागद पुढे केला. पेन कागदाला टेकणार तेवढ्यात मामांनी विचारलं, “हक्क तुमच्याकडे कसे आले, तेवढं सांगाल?”

“माझ्याकडे?” पुतण्या मोकळेपणी हसला. “छे हो! काकांनी ते जिवंतपणीच कुणालातरी देऊन टाकले होते. त्यावरून तर आमचे वडील त्यांच्याशी बोलेनासे झाले. कुणाला ते नाही ठाऊक, पण पुस्तकाच्या मलपृष्ठावर चक्क छापलं होतं म्हणे, नावगावासकट. पण आता कोण बघतंय? देतो मी सही.”

मामांनी कागद अलगद उचलून त्याची घडी घातली. त्या बोटाने घडी घातली की ती पुन्हा उलगडायला जड जाते.

रस्त्यावर येताच बाई उसळल्या. “मामा, तो देत होता सही!”

“त्याची नाही ती वस्तू.”

“कुणाला कळणार होतं?”

“आपल्याला कळलं ना, बाई?”

“तुमच्या नियमांपायी नाटक मरणार आहे, एवढं लक्षात ठेवा!” बाईंचा आवाज रस्ताभर गेला. तो आवाज शिकवलेला होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मामांनी हातातलं पुस्तक कोटाच्या आत घेतलं.

खोलीत परत येऊन त्यांनी पुस्तक उलटलं. मलपृष्ठ नव्हतं, मुखपृष्ठही नव्हतं. होता तो ग्रंथालयाचा करडा पुठ्ठा, आत थेट नाटकाचं पहिलं पान. जुन्या नाट्यपुस्तकांना पातळ रंगीत कागदाचं वेष्टन असे, आणि पुस्तकं टिकावीत म्हणून ग्रंथालयं ते वेष्टन काढून पुठ्ठ्यात बांधत. मामांना हे कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी कपाटाच्या तळातून बांधणीची जुनी नोंदवही काढली. तारीख, पुस्तकाचं नाव, बांधणाऱ्याची खूण. ‘कुलूपवाल्याची सून’ सापडलं. समोरच्या रकान्यात एक छोटा त्रिकोण होता.

त्रिकोण ही मामांची खूण.

मामा त्या त्रिकोणाकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. चौदा वर्षं ज्या माणसाने दुसऱ्याच्या हक्काचं एक अक्षर कुणाला चोरू दिलं नाही, त्याने स्वतःच्या हाताने, एकोणिसाव्या वर्षी, शिट्टी वाजवत असेल बहुतेक, एका माणसाचं नाव सुरीने कापून बाजूला टाकलं होतं. आणि म्हणून चाळीस वर्षं त्या माणसाला कुणी काही विचारायला गेलं नव्हतं.

संध्याकाळी ताटावर बसले, पण घास फिरत राहिला. मामींनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा विचारलंच. “काय झालंय? कुणी बोललं का?”

मामांनी सांगितलं. “माझ्या हाताने फेकलं गं ते.”

“फेकलं?” मामींनी वाटी खाली ठेवली. “अहो, तुमच्या वस्तादांच्या हाताखाली? ते कधी काही फेकू द्यायचे का? सुतळीचा तुकडा पडला तर दोन दिवस बोलणं बंद! आपल्या लग्नात काय दिलं त्यांनी, आठवा. कातरणांची वही! अजून आहे ती माझ्या पेटीत. तो माणूस वेष्टन टाकू देईल?”

मामांचा हात ताटातच थांबला. डोळे मोठे झाले.

“काय झालं? खारट झालंय का?”

“कण्यात!” मामा जेवण टाकून उठले आणि मग आठवण आल्यासारखे पुन्हा बसले. “अगं, अस्तर! पुस्तकाच्या कण्यावर आतून कागदाची पट्टी चिकटवतात, शिवण धरून राहायला. वस्ताद नवा कागद वापरूच द्यायचे नाहीत. आधीच्या पुस्तकाचं वेष्टन उभं कापायचं, तीन बोटं रुंद पट्ट्या करायच्या आणि पुढच्या पुस्तकांच्या कण्यात घालायच्या. आज कापलेलं उद्याच्या पोटात!”

“मग जेवा आता नीट,” मामी म्हणाल्या. “कण्यातलं कुठे पळून जात नाही.”

दुसऱ्या दिवशी नोंदवही ग्रंथपालबाईंच्या टेबलावर होती. नाटकानंतर बांधलेली तीन पुस्तकं, एकाखाली एक, तिन्हींसमोर त्रिकोण. मधमाश्या पाळण्याचं पुस्तक. ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांचं पुस्तक. विहिरींच्या बांधकामाचं पुस्तक.

“धडधाकट पुस्तकं उसवायची म्हणताय तुम्ही?” ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“उसवीन आणि होती तशी शिवून देईन. टाका इकडचा तिकडे झाला तर माझ्या नावावर लिहा.”

ग्रंथपालबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, “मलाही बघायचंय.”

नाट्यविभागाच्या बाई कालच्या रागाची मान खाली घालून दारात उभ्या होत्या. मामांनी त्यांना खुणेने आत बोलावलं. आणि त्या जिन्याखालच्या खोलीत, टेबलावरच्या एका दिव्याच्या उजेडात, जे झालं ते पाहायला हजार माणसांचं प्रेक्षागृहही कमी पडलं असतं.

मामांनी बाह्या सारल्या. मधमाश्यांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या कडेने सुरीचं टोक फिरवलं, फळाची साल काढावी तसं कापड सोलून बाजूला केलं. आत कणा उघडा पडला, तपकिरी, खळीने कडक झालेला. त्यावर ओला कपडा ठेवला. “आता बोलायचं नाही,” ते म्हणाले. का ते कुणी विचारलं नाही. मिनिटं गेली. कपडा उचलला, पुन्हा ठेवला. मग मामांनी वळ पडलेलं ते बोट कागदाखाली सरकवलं आणि चाळीस वर्षांची खळ हूं की चूं न करता सुटली.

पट्टी उलटी केली. गर्द निळा रंग होता, कालच छापल्यासारखा! उजेडच लागला नव्हता ना त्याला. आणि त्या निळ्यावर, काठाशी, पांढरी अक्षरं. ओळींच्या फक्त सुरुवाती. ‘या नाटकाच्या’, त्याखाली ‘सर्व हक्क’, त्याखाली ‘कंपनीच्या’.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. ग्रंथपालबाई, ज्यांनी तीस वर्षांत आवाज चढवला नव्हता, त्या हळूच म्हणाल्या, “अरे देवा.”

ग्रहताऱ्यांच्या पुस्तकातून दुसरी पट्टी निघाली. मामांनी ती पहिलीच्या शेजारी सरकवली. कड कडेला भिडली आणि शब्द एकमेकांच्या गळ्यात पडले. ‘या नाटकाच्या छपाईचे व प्रयोगाचे सर्व हक्क कंपनीच्या कपडेपटाच्या...’ आणि तिथे कागद संपला.

“कपडेपट?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“नटांचे कपडे शिवणं, सांभाळणं,” बाई पुटपुटल्या. “पडद्यामागे. मामा, नाव तिसऱ्या पट्टीवर आहे!”

तिसरी पट्टी विहिरींच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक शेल्फावर नव्हतं. भूगर्भशास्त्राच्या सरांनी नेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी.

सर आपल्या विभागातल्या खोलीतच सापडले. “विहिरींचं पुस्तक? परत केलंय मी ते. केव्हाच केलंय.” मामांनी उत्तर न देता सरांच्या संगणकाकडे पाहिलं. पडदा डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून खाली एक करडा ठोकळा सरकवलेला होता. ठोकळ्याला कणा होता.

“सर, हे काय?”

“हे... अरेच्चा!” सर गोरेमोरे झाले. “मामा, आता दंड किती लावणार?”

“दंड राहू द्या. तुम्ही अकरा वर्षं या पुस्तकाला कुणाचा हात लागू दिला नाहीत, तुमचे उपकारच आहेत!”

गुरुवारी दुपारी मामा आणि बाई एका जुन्या गल्लीत, शिवणाच्या दुकानावरच्या माडीची पायरी चढत होते. मामांच्या बगलेत तिन्ही पट्ट्या पातळ पुठ्ठ्यावर जोडून झालेलं निळं मलपृष्ठ, तिसऱ्या पट्टीवरच्या नाव-पत्त्यासकट, आणि खिशात परवानगीचा कोरा कागद. पत्त्यातली गल्ली होती तीच होती, घराचा नंबर तोच. माणूस असेल का, हा प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारला नव्हता.

दार नातीने उघडलं. तिच्यामागे खिडकीशी, उन्हाच्या चौकोनात, एक म्हातारी बसली होती. पंच्याऐंशीच्या पुढची. मांडीवर कापड, हातात सुई. सुई चालतच होती.

“आजी, तुम्ही कंपनीत कपडेपटाला होतात ना?” बाईंनी विचारलं. “आमची मुलं ‘कुलूपवाल्याची सून’ करणार आहेत, त्याची परवानगी मागायला आलोय.”

सुई चालत राहिली. मान वर न करता आजी म्हणाल्या, “ते सांगून गेले होते. लोक विचारायला येतील, म्हणाले. मी दार लावत नसे दुपारचं. मग वाटलं, नाटक मेलं असेल.”

मामांना राहवलं नाही. ते पुढे झाले, मलपृष्ठ आजींच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सुरी, पट्ट्या, कणे, त्रिकोण. “मीच कापलं होतं, आजी. म्हणून कुणी आलं नाही.”

आजींनी बोटाने जोड चाचपला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

“तूच जोडलंस?”

“हो.”

“शिवण लागत नाही हाताला.” त्यांनी मलपृष्ठ परत दिलं. “बस. उभा काय राहिलास पाहुण्यासारखा?”

मग बाईंनी तो प्रश्न विचारलाच, जो सगळ्यांच्या ओठांवर होता. “आजी, हक्क तुम्हाला का दिले त्यांनी?”

“मला वाचता येत नव्हतं,” आजी म्हणाल्या. “ते लिहून आणायचे आणि मी शिवत असले की वाचून दाखवायचे. मी काय बोलणार? मी आपली शिवायची. पण बघायचे ते माझ्या सुईकडे. जिथे सुई थांबली तिथलं ठेवायचे, जिथे चालू राहिली तिथलं खोडायचे. अख्खं नाटक असं झालं. मग म्हणाले, हे तुझ्याच हातून गेलंय, तुझंच.”

बाई, ज्यांनी नाट्यशास्त्रावर प्रबंध लिहिला होता, त्या सुईकडे अशा बघत होत्या जसं तिच्यात सगळं ग्रंथालय मावलं असावं.

मामांनी कागद काढला. आजींनी तो हाताने बाजूला केला. “सही येते मला, दोन अक्षरं त्यांनीच शिकवलीत. पण आधी वाच. मुलं करणार म्हणतेस ना? मग बघू दे, नाटक अजून आहे का. सुई थांबली तर सही.”

बाईंनी पुस्तक उघडलं. काय वाचलं त्यांनी! सासऱ्याचा घोगरा आवाज, सुनेचा कंप, मध्येच उसासा, मध्येच मोठा स्वर. माडीच्या काचा थरथरल्या, खालच्या दुकानातलं शिवणयंत्र थांबलं. आजींची सुई मात्र चालत होती. टाक्यामागून टाका. पहिला प्रवेश गेला. दुसरा गेला. बाईंच्या कपाळावर घाम आला.

“थांब गं,” आजी म्हणाल्या, अगदी मायेने. “तू छान करतेस. पण तू त्यातली सून होतेस, आणि मला सून दिसेनाशी होते. याला वाचू दे.”

“मी?” मामा दचकले. “आजी, मी साधा बांधणारा. मला नाटक वाचता येत नाही.”

“म्हणूनच.”

मामांनी चष्मा सारखा केला. खिशातून फूटपट्टी काढली, ओळीखाली धरली, आणि कायद्याचं कलम वाचावं तसं, एकेक ओळ सरकवत, वाचायला लागले. ना आवाज बदलला, ना श्वास. कुलूपवाला बोलला, सून बोलली, सगळे मामांच्याच एका सुक्या, काळजीपूर्वक आवाजात. बाईंनी डोळे मिटून घेतले. आता गेलंच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सुई चालली होती. ऊन खिडकीतून जमिनीवर सरकलं.

मामा वाचत होते, “सून म्हणते, ‘मामंजी, जन्मभर कुलपं केलीत. एखादं दार केलंत का कधी?’” फूटपट्टी एक ओळ खाली आली. “कंसात. कुलूपवाला हातातली कानस खाली ठेवतो.” फूटपट्टी आणखी खाली आली. तिथे काहीच नव्हतं. पानाचा कोरा भाग. मामा, ज्यांनी आयुष्यात एक ओळ गाळून पुढची वाचली नव्हती, ते त्या कोऱ्या जागेवरही तितकाच वेळ थांबले.

बाईंनी डोळे उघडले.

सुई कापडाच्या वर, हवेत होती. दोरा ताणलेला. उन्हात ती चमकत होती आणि हलत नव्हती. इतका वेळ हलली नाही की नात दाराशी पुढे आली, आजीला काही झालं की काय म्हणून.

“इथे त्यांनी मोठं भाषण लिहिलं होतं कुलूपवाल्याचं,” आजी म्हणाल्या. “पानभर. मी आपली शिवत राहिले. दुसऱ्या दिवशी आले, सगळं खोडून. एवढंच ठेवलं, कानस खाली ठेवतो म्हणून. तेव्हाही अशीच थांबली होती.”

मामांच्या हातात फूटपट्टी तशीच होती. चाळीस वर्षांपूर्वी या पानाला त्यांनी टाका घातला होता, आणि पहिल्यांदा ते आज वाचत होते.

आजींनी सुई कापडात खोचून ठेवली आणि हात पुढे केला.

“आण तो कागद,” त्या म्हणाल्या. “आणि पुढे वाच. मी सही करते तोवर.”